मनगटावरची सफरचंदं

उजवा हात कोपरात वाकवून तो समोर उभा धरायचा, बोटं आभाळाकडं, आणि म्हणायचा, "मुकादम, आधी वर बघ."

मग भूगोल सुरू. कोपर म्हणजे बियास नदी. नदीच्या काठाला भात, जरा वर मका, त्याच्या वर, हाताच्या ऐन मध्यावर, त्याची सफरचंदाची बाग. मनगटापाशी देवदाराचं जंगल. तळहातावर मेंढरं चरायला नेतात ती कुरणं. आणि बोटं सगळी बर्फाची. "पाणी वरून, माती वरून, सेब वरून," तो म्हणायचा, "आणि दगडपण वरून." दगड म्हणताना डाव्या हातानं उजव्या हातावरून दरड खाली आणायचा. ट्रक यायला उशीर का झाला, ते आम्हाला तेवढ्यात कळायचं.

शाळेत मी चौथीच्या पुढं गेलो नाही. जे काय शिकलो ते मार्केट यार्डात, फळांच्या गाळ्यावर. तुम्ही हिमालय भिंतीवर टांगलेल्या नकाशात पाहिला असेल. माझा नकाशा केसाळ होता, अंगानं गरम होता, आणि प्रश्न विचारला की उलटून बोलायचा.

मी तिथं हमालांच्या टोळीचा मुकादम. हा कुल्लूकडचा बागवाला. बाकीचे बागवाले माल गाडीत घालून घरी बसायचे; हा गणपतीच्या सुमाराला मालाबरोबर स्वतः यायचा. लोकरीची गोल टोपी, तिला पुढं रंगीत पट्टी, आणि खाली पुण्याच्या उकाड्यानं भिजलेला सदरा. त्याला नाव होतं, पण गाळ्यावर सगळे पहाडीच म्हणायचे. त्याचं मराठी आमच्या हमालांकडून आलेलं, म्हणजे शिव्या आधी आल्या, बाकीची भाषा सवडीनं.

एक गोष्ट मी त्याच्याशिवाय कुणाची पाहिली नाही. तुम्हालाही ठाऊक असेल, पेटीत वरच्या थराला लालबुंद फळं लावतात आणि खाली काय असेल ते घेणाऱ्याचं नशीब. हा पेटी उलटी करून बुडाकडून उघडायचा. व्यापारी हसायचे. "अरे पहाडी, पेटीला शीर्षासन कशाला?"

"वरचा थर सगळेच दाखवतात," तो म्हणायचा. "माझ्या खालच्यानं कुणाचं वाकडं केलंय?"

आणि बुडातून खरंच तसलीच फळं निघायची. गाळ्यात असा वास सुटायचा की पलीकडचा मोसंबीवाला हातातलं काम टाकून येऊन उभा राहायचा. मी अख्खा जन्म पेट्या उचलल्यात, पण त्या वासाला मी पेटीत नाक खुपसायचो, खोटं कशाला सांगू.

भांडण मात्र आमचं दरसाल. मी म्हणायचो, पुण्याच्या मातीत काय येत नाही ते सांग. अंजीर येतं, पेरू येतो, सीताफळ येतं. सफरचंदानं काय घोडं मारलंय?

"माती नाही, मुकादम. झोप." तो डोळे मिटून दाखवायचा. "सेबचं झाड थंडीत झोपतं. नीट झोपलं तर फुलतं. वर बर्फ पडतो, आम्ही म्हणतो सफेद खत पडलं. झाड गुडघाभर बर्फात उभं, सुखानं घोरतं. तुमच्या पुण्यात त्याला झोप कुठली? रात्रभर स्पीकर."

मी हट्टाला पेटलो. एका साली त्याच्याकडूनच रोप आणवलं आणि हडपसरला गावठाणातल्या आमच्या घरामागं लावलं. थंडी पाहिजे ना? दिली. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, गोणपाटात घालून फोडायची आणि झाडाच्या बुडाशी रचायची. पौष महिनाभर हा उद्योग. शेजारचे गच्चीवर उभे राहून बघायचे. आमची मंडळी म्हणाली, "झाडाला सर्दी झाली तर काढा मी देणार नाही."

पुढच्या गणपतीत पहाडी आला, त्याला ऐटीत सांगितलं. तो पेटीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "मुकादम, थंडी पायाला नाही लागत, फांदीवरच्या कोंबाला लागते. तू त्याला झोपवलं नाहीस, मोजे घातलेस." ते झाड दोन वर्षं नुसता पाला घेऊन उभं राहिलं आणि एका चैत्रात वाळून गेलं.

पण मी हरणारा माणूस नाही. एका शेतीप्रदर्शनात रोपवाटिकेचा माणूस भेटला. म्हणाला, हिमाचलच्या अगदी खालच्या टेकड्यांवरची एक जात आहे, तिला नावापुरती थंडी पुरते. ते रोप आणलं. बर्फ नाही, काही नाही. मार्गशीर्षात सगळी पानं हातानं ओरबाडून काढायची, पाणी तोडायचं, की झाडाला वाटतं हिवाळा आला. तिसऱ्या साली माघात पहाटे परसात गेलो तर झाडाला फुलं. पांढरी, कडेला गुलाबी. मी तसाच अनवाणी रस्त्यावर गेलो, दूधवाल्याला हाताला धरून आत आणला, पेपरवाल्याला आणला. हडपसरात सफरचंद फुललंय आणि लोक झोपलेत, हे मला सहन होईना.

पहाडी आला तेव्हा त्याला घरी नेलं. तो झाडाभोवती फिरला, पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाला, "हे सेब नाही. हे खालच्या लोकांचं झाड."

"खालचे लोक म्हणजे?"

त्यानं हात उभा धरला आणि कोपराच्या खाली, दंडाकडं बोट दाखवलं. "इथले. त्यांना बर्फ माहीत नाही. आम्ही त्यांना लग्नात भेटलो की हसतो."

ज्येष्ठात निघालेली फळं मी त्याच्यासाठी ठेवली होती, फ्रीजमध्ये सुरकुतलेली. त्यानं एक फोड खाल्ली. "लिंबू चांगलं आहे," म्हणाला.

आता नीट ऐका, कारण इथून पुढं त्याचा हात बदलत गेला.

पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं. बाग दाखवताना त्याचं बोट हाताच्या मध्यावर न थांबता वर सरकलं. "चांगला माल आता इथं," तो म्हणाला, आणि बोट मनगटापाशी. दोन-चार वर्षांनी मनगटाच्याही वर, तळहाताला टेकलं. बर्फ वर वर चालला होता आणि सफरचंद त्याच्यामागं. वरच्या गावांत, जिथं पूर्वी नुसता बटाटा व्हायचा, तिथं आता बागा. त्याची बाग आहे तिथंच. थंडीत बर्फ नाही, ऐन फुलोऱ्यात गारा, झरे लवकर आटतात. झाडांना झोप नाही.

"आणि तळहाताच्या वर गेल्यावर?" मी विचारलं.

"बोटं. बोटांच्या वर देव. तिथं बाग लागत नाही."

त्याच्या पेट्या कमी होत गेल्या. पण उघडायच्या बुडाकडूनच. खालचा थर आता वरच्यासारखा लहान निघायचा, एवढाच फरक.

मग एका साली तो संक्रांतीच्या तोंडावर आला. ट्रक नाही, पेटी नाही, खांद्याला एक पिशवी. सरळ हडपसरला घरी. मी कानटोपी आणि स्वेटर घालून उन्हात बसलेलो. तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात.

"मुकादम, ही तुमची थंडी?"

"का, काय वाईट आहे?"

"आमच्याकडं अशा हवेत पंखा लावायचे." मग म्हणाला, "आता नाही लावत. आता आमच्याकडंपण अशीच."

चहा झाला. त्याची मुलं म्हणत होती, सफरचंद उपटून डाळिंब लावू. आसपास लोकांनी लावलंय, चांगलं येतंय. हे सांगताना त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मुलांचं खोटं नाही," तो म्हणाला. "पण माझ्या बापानं ती झाडं पाठीवर पाणी वाहून जगवली. आणि डाळिंब घेऊन पुण्याला यायचं? तुम्हाला डाळिंब दाखवू? कुठल्या तोंडानं पेटी उघडू?"

मी त्याच्या कपात अजून चहा ओतला.

तो उठून परसात गेला. झाड पानं काढलेलं, उघडं उभं होतं. फांद्यांवरून हात फिरवत म्हणाला, "छाटणीला आलंय."

"मी छाटतो की दरसाल."

"कशी छाटतोस ते दिसतंय. बकरीनं खाल्ल्यासारखं." त्यानं पिशवीतून चाकू काढला. घरून धार लावून आणलेला.

"छाटणी करायला एवढ्या लांबून आलास?"

"पुण्यात चांगला छाटणारा कुठंय?"

आता तुम्ही ओळखलं असेल. मीही ओळखलं. या जातीची रोपवाटिका त्याच्या गावापासून फार लांब नव्हती. सकाळी निघाला असता तर संध्याकाळी घरी. पण त्या खालच्या लोकांना हा जन्मभर हसला होता. त्यांच्या दारात उभं राहून आपल्या बागेसाठी कलमाच्या काड्या मागायच्या, त्यापेक्षा त्यानं अख्खा देश ओलांडला. दुसरा कुणी याला येडेपणा म्हणेल. मला तो माणूस त्या दिवशी जितका आवडला तितका कधी आवडला नव्हता. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

तो छाटत होता, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडून बाजूला ठेवत होता. मी दुसरीकडं बघत होतो. तेवढ्यात आमची मंडळी ओलं फडकं आणि गोणपाट घेऊन आली.

"भाऊजी, न्यायच्यात तर सरळ न्या की. दोन म्हातारे आणि केवढं सोंग."

पहाडी एकदम लहान मुलासारखा हसला. "भाभी, मुकादमाला सांगू नका."

"त्यांना काय कळतंय," ती म्हणाली आणि काड्या गुंडाळायला बसली.

त्या साली गणपतीत तो आला तो हात वर करूनच. "धरल्या, मुकादम. जुन्या खोडावर तुझ्या काड्या धरल्या." हमालांनी काय धरलं ते न विचारताच शिट्ट्या मारल्या. पुढच्या वसंतात त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी त्याचा कान, मग आभाळ, मग एकदम फुलंच फुलं. "वर बघ," ओरडत होता, "आधी वर बघ." मी फोन घेऊन अख्ख्या आळीत फिरलो.

ती फुलं त्यानं खुडली. पहिल्या सालची खुडायचीच असतात, कलमाला जोर येतो. "सेब पुढच्या साली," म्हणाला. "घाई खालच्या लोकांना असते."

पुढचा हिवाळा त्याला काढता आला नाही. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंत पोचला नाही, एवढंच फोनवर कळलं.

ज्येष्ठात, यार्डात आंबा संपत आलेला, मी सहज गाळ्यावर जाऊन बसलो होतो. त्याचा मुलगा आला. चांगला बापई गडी, पण चाल बापाची. खांद्यावर एकच पेटी.

"पहिली पेटी मुकादमांची, असं बाबांनी सांगून ठेवलेलं."

"डाळिंब लावलंत?"

"नाही. बाबांनी जेवढ्या झाडांवर कलमं केली तेवढी फळाला आली. बाकीच्यांवर आता मी करतोय." मग हळूच म्हणाला, "काड्या खालच्या नर्सरीतून आणल्या. ते लोक चांगले आहेत."

पेटी माझ्यापुढं ठेवली. मी ती उलटी केली आणि बुडाकडून उघडली. पिवळट फळं, गालाला लाली, वास थोडा आंबट. मी एक कापून खाल्लं. लिंबू नव्हतं.

आंब्याचे व्यापारी गोळा झाले. या दिवसांत झाडावरून उतरलेलं ताजं देशी सफरचंद कुणी पाहिलेलं नव्हतं. एकानं फळ उचलून विचारलं, "मुकादम, कुठला माल हा? शिमला की काश्मीर?"

मी उजवा हात कोपरात वाकवून उभा धरला. आणि हाताच्या ऐन मध्यावर, जिथं त्याची बाग होती, तिथं बोट ठेवलं.

"इथला," म्हटलं.