भिंगार ते संगमनेर, जुन्या साड्यांची गोणी घेऊन

बी.कॉम.चं दुसरं वर्ष मी अर्ध्यावर सोडलं, ते जुन्या सुती साड्यांची जाकिटं शिवून विकायची म्हणून. नवं कापड लागत नाही, काही वाया जात नाही आणि किंमत कॉलेजच्या पोरांना झेपेल अशी. कल्पना माझी आणि सायलीची. सायली वर्गातली, शिलाई मशीनवर तिचा हात बसलेला. परीक्षा देऊन ती संगमनेरला घरी गेली आणि माझं कशात लक्ष लागेना. भागीदारीचं पक्कं करायचं, जमलं तर मनातलंही बोलायचं, असं ठरवून एका रविवारी गाडीला किक मारली.

मागे साड्यांची गोणी. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडून एकेक निवडून घेतलेली. नागापूर एमआयडीसी ओलांडली की राहुरीपर्यंत रस्ता कंबर खिळखिळी करतो, सामान असेल तर सकाळी लवकरच निघा. कोल्हारला भेळ खाल्ली. पुढे लोणीमार्गे संगमनेर, दोन्ही अंगांना ऊस. जाऊन-येऊन पाचशेचं पेट्रोल धरा.

सायलीची थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. सायलीने मी नमुन्याला नेलेलं जाकीट हातात घेऊन खांद्याची शिवण जरा ताणली, तर कापड विरलंच. तेवढ्यात ताईंनी गोणीतल्या दोन साड्या मांडीवर ओढल्या, एक गालाला लावून पाहिली.

"ह्या मला ठेवा की ओ. बाळाला पहिलं जुनंच लागतं, नवं टोचतं. आईच्या सगळ्या साड्या पॉलिस्टरच्या हायेत."

सायली एकदम खुलली. जाकिटं राहू दे, आपण झबली शिवू, म्हणाली. असं मऊ सुती आता घरोघरी कुठं मिळतंय? बरोबरच बोलत होती ती. मला मात्र वाटलं, दोघी मिळून माझी मजा घेतायत.

"लंगोट शिवायला कॉलेज नाही सोडलं मी."

"मग कशाला सोडलंस?"

तुझ्यासाठी, हे ओठांवर आलं होतं. बोललो भलतंच, की शिवता आलं म्हणजे फॅशन कळते असं नाही. गोणी आवळायला घेतली आणि ताईंच्या मांडीवरच्या साड्यांसाठी हात पुढे केला. ताईंना आधी गंमतच वाटली, त्या हसल्या.

"देऊन टाक गं ताई," सायली म्हणाली.

चहा कपातच राहिला. परतीच्या रस्त्याबद्दल काही सांगता येणार नाही, मला तो आठवत नाही.

घरी आल्यावर त्या दोन साड्या धुतल्या, पण पाठवायला धीर होईना. शेवटी कुरिअर केल्या, सोबत माफीची चिठ्ठी. सायलीचा मेसेज आला, "मिळाल्या. मुलगी झाली. शेजारच्या काकूंनी जुनं लुगडं दिलं होतं." माफीबद्दल अक्षर नाही.

माझी जाकिटं पडून आहेत. दोघी बहिणी घरूनच जुन्या साड्यांची झबली शिवतात, एका मित्राने भाचीसाठी आणली तेव्हा हातात घेऊन पाहिली. शिवण आतून दुमडलेली, बाळाला कुठंच टोचणार नाही अशी. दरही परवडणारा. त्या बाजूला गेलात आणि घरात बाळ येणार असेल, तर जरूर घ्या. फक्त तिथे माझं नाव सांगू नका.