दुभाषी

पाइपातल्या तंबाखूचा वास आला, की शिरड शहापूरजवळचा तांडा आठवतो. नव्वदच्या दशकात धर्मांचा इतिहास लिहिणारे एक आयरिश म्हातारे तिथे आले होते. दुभाषी मी! तांड्याची बोली मला ओ की ठो कळत नव्हती, पण सात बोली येतात असं ठोकून दिलेलं. तांड्याचे आजारी नाईक बाजेवर काहीतरी पुटपुटले.

"सात शिंगांच्या बैलाचं स्तोत्र!" मी सांगितलं. साहेबांनी चार पानं भरली.

तेवढ्यात नाइकांची सून धावत आली. "काका, बाबा कवापासून पाणी मागून राहिले, तुमी काय लिवून राहिले?"

साहेबांनी अर्थ विचारला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी खरं सांगितलं.

त्यांनी स्वतः नाइकांना पाणी पाजलं. मग वही मिटून ते खाली मातीतच बसले.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मी दुभाष्यांच्याच भरवशावर लिहीत आलोय."