बाबांनी मागितलेली खूण

खर्ड्याच्या स्टँडवर एस.टी. लागली आणि बाबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना सुरू केली. कंडक्टरने घंटीची दोरी धरली होती, तोही तसाच थांबला. गाडीतल्या बायकांनी उगीच पदर सावरले. "प्रभो, तू दाखवलेल्या वाटेनं लेकीला धाडतोय," बाबा डोळे मिटून सांगत होते. आई खिडकीखाली माझा हात धरून उभी होती. तिने डोळे मिटले नव्हते. शेजारी बसलेले माझे नवे यजमान, दावीद, "आमेन" म्हणाले. मी आईचा हात घट्ट धरून ठेवला.

नगरला रेल्वे, मनमाडला गाडी बदलायची, मग नागपूरच्याही पुढे बिलासपूर. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात हे कंपाउंडर होते. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ते दिवस आठवत असतील. मागे राहिलेल्यांना तर ते विसरताच येणार नाहीत.

बाबा सुवार्तिक होते. सायकलवर शास्त्र आणि गीतांचं पुस्तक बांधून ते वस्त्यावस्त्यांवर उपासना घ्यायला जायचे. आमच्या घरी शेळी विकायची तरी आधी प्रार्थना व्हायची. मग लग्नाचं काय सांगावं! "नवरा आपण बघायचा नसतो, प्रभू दाखवतो," असं ते म्हणायचे. मीही लहानपणापासून तेच मागत आले होते. फक्त त्या वर्षी डोळे मिटले की मला याकोब दिसायचा.

याकोब शाळामास्तर. दुष्काळी कामावर हजेरी लिहायला त्याला लावलं होतं. मी तिथेच पोरांना सुकडी वाटायची. तो खडी फोडणाऱ्या बायकांना सावलीत बसवायचा आणि मुकादमाशी त्यांच्यासाठी भांडायचा. आम्ही फार बोललो नाही. एकदा म्हणाला, "करुणा, मी मामांना घेऊन तुमच्या घरी येऊ का? तू प्रार्थना करून सांग." मी रात्रंदिवस प्रार्थना केली. आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही. तोच दिसत राहिला. हेच उत्तर असेल असं मानायचं धाडस मला झालं नाही, पण "या" म्हणाले.

शास्त्रात एक गोष्ट आहे. धन्याच्या मुलासाठी बायको शोधायला निघालेला म्हातारा चाकर विहिरीपाशी थांबतो आणि देवाकडे खूण मागतो: जी मुलगी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच ती. बाबांनी तशीच खूण मागितली होती. जो मुलगा पुढे केलेलं पाणी पिण्याआधी घरच्यांचा विचार करील, तोच. हे त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं. मला काही माहीत नव्हतं.

याकोब आणि त्याचे मामा भर दुपारी कामावरून चालत आले. मी तांब्या पुढे केला. त्याने एका दमात तो रिकामा केला, ओठ पुसले आणि हसून म्हणाला, "अजून मिळंल का?" बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, ते विचार करताहेत.

पुढच्या महिन्यात दावीद आले. त्यांनी तांब्या हातात घेतला, जेमतेम ओठांना लावला आणि खाली ठेवला. "राहू द्या, पोरांना होईल." बाबांचे डोळे भरून आले. त्याच बैठकीत लग्न ठरलं.

ते गेल्यावर आई बाबांवर उखडली. खुणेचं मला कळलं ते तेव्हा.

"उन्हातनं चालत आल्यालं पोरगं पानी पेनार न्हाई तर काय करंल? आन् ह्यो एस्टीतनं आलाय, सावलीसावलीनं!"

"मागितलं होतं, मिळालं," बाबा शांतपणे म्हणाले. "आता मागं फिरलो तर माझा विश्वास तो कसला?"

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "करुणा, तुला प्रभूनं काही वेगळं दाखवलंय का?" मला एक माणूस दिसत होता. तो प्रभूने दाखवलाय असं छातीठोकपणे कसं सांगणार? मी नाही म्हणाले.

बिलासपूरकडे पाणी बघून मी पहिल्या दिवशी रडले. जिकडे तिकडे तालाब, त्यात म्हशी डुंबताहेत, बायका भांडी घासताहेत, आणि माझी आई हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट बघत बसलेली. लोक बोलायचे ते कळायचं नाही. उन्हाळ्यात रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात सकाळी खायचे, बासी म्हणायचे त्याला. भाकरीवाचून माझं पोट भरायचं नाही. हे बिचारे दर सुट्टीला बाजारभर ज्वारी शोधत फिरायचे. माणूस चांगला होता. चिडायचे नाहीत, फारसं बोलायचेही नाहीत.

मुलगी झाली. रांगायला लागली आणि तापाने गेली. दवाखाना अंगणापलीकडे असून गेली. औषधांच्या खोक्याच्या फळ्या काढून यांनी स्वतः पेटी केली. फळ्यांवर छापलेली अक्षरं ते काचेने खरवडत बसले होते. "पोरीच्या पेटीवर औषधाचं नाव नको," एवढंच म्हणाले.

त्या दिवसांत मला एकच आधार होता. हे सगळं देवाने ठरवलेलं आहे, खूण दाखवून मला इथे आणलेलं आहे, म्हणजे या दुःखालाही काही अर्थ असणार.

पुढे एकदा जेवताना गावाकडच्या विहिरींचा विषय निघाला. हे सहज म्हणाले, "तुमच्याकडं बघायला आलो तेव्हा नारूची काय भीती वाटली होती मला! पायातनं दोऱ्यासारखा किडा निघतो, रोज बघायचो ना दवाखान्यात. माझ्या मामांनीही बजावलं होतं, तिथलं पाणी पिऊ नको, म्हणून स्टँडवरच चहा पिऊन आलो. मग काहीतरी बोलायचं म्हणून पोरांचं नाव काढलं." आणि ते हसले.

मी ताटावरून उठले. चुलीपाशी जाऊन बसले, पण प्रार्थना सुचेना. ती खूण नव्हतीच, मग पोर का गेली, हेच मनात घोळत राहिलं. यांना वाटलं, मला मुलीची आठवण आली. तेही खरंच होतं.

त्याच वर्षी बाबांचा दमा वाढला म्हणून मी गावी गेले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, श्वास पुरत नव्हता. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"करुणा, खूण खरी होती ना गं?"

मला ती खरवडलेली फळी आठवली. बाजारात ज्वारी शोधत फिरणारा माणूस आठवला. याकोबही आठवला.

"हो बाबा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ ओठ हलवत राहिले. नंतर परसात मी आईला नारूचं सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "त्यांना सांगू नगंस," एवढंच म्हणाली.

मी तिथे असतानाच बाबा गेले. खांदा द्यायला याकोब आला होता, पारनेरकडच्या शाळेतून, बायकोला घेऊन. निघताना माझ्यासमोर थांबला. "सलाम, करुणाबाई," म्हणाला. पूर्वी तो मला नुसतं करुणा म्हणायचा. मीही "सलाम" म्हणाले.

बाबांच्या मागे आई एकदाच बिलासपूरला आली. सकाळी मी तिला मुलीच्या कबरीपाशी नेलं. ती खाली बसली आणि गवत उपटत राहिली. ऊन वर आलं तरी उठेना. "जरा बसू दे. माझी पयलीच गाठ हाय तिची," म्हणाली. परत गेल्यावर शेजारणींनी विचारलं, लेकीच्या गावाला जाऊन आलात का? तर म्हणाली, "नातीच्या गावाला."

आता हेही नाहीत. मुलीच्या पाठीवर झालेला मुलगा नागपूरला बोलावतो, माझी धाकटी बहीण नगरला ये म्हणते. तिथे सगळे माझ्या भाषेत बोलतात. माझ्या मराठीत मात्र निम्मं हिंदी शिरलंय. चार दिवस राहिले की मी परतीचं तिकीट काढायला सांगते. बहीण चिडते, "तिथं आता तुझं कोण आहे?" इथे तालाबाच्या वाटेवर दोन कबरी आहेत, एक मोठी, एक लहान. पावसाळ्यात लहान कबरीवर गवत फार लवकर माजतं.