पाय आधी की हात

सुचित्रा कुलकर्णींना घरात सलग बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवताना त्या ताटावरून उठत, फोनवर बोलताना गच्चीत फेऱ्या मारत. नेवाशाच्या या घराण्यात सगळी मास्तरकी आणि कारकुनी. सुचित्राबाईही शिकवायलाच लागल्या, पण खेळ. गुडघा दुखावल्यावर त्यांचं सॉफ्टबॉल सुटलं आणि त्या बेसबॉलच्या पंच झाल्या.

"मैदानावर उभी असली की तेवढी शांत असते," त्यांचे यजमान रविकांत म्हणायचे.

ते शांतपण कोपरगावच्या सामन्यात गेलं.

कर्जत विरुद्ध कोपरगाव, मुलींची अंतिम लढत. गुण बरोबरीत, शेवटची इनिंग, कोपरगावची रनर तिसऱ्या बेसवर; तिथून ती होमला पोहोचली की विजयाचा गुण. चेंडू होता कर्जतच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या धनश्रीच्या हातात. काटक, सावळी, कॉलेजात शिकणारी पोर. रनर बेसपासून जराही पुढे सरकली की गर्रकन वळून चेंडू फेकायची.

पिचरनं रनरला असं धाकात ठेवायला नियमाची आडकाठी नाही. पण तिचा पाय पिचिंग प्लेटला, म्हणजे जमिनीत बसवलेल्या पट्टीला, टेकलेला असेल, तर तिसऱ्या बेसकडे नुसता हात उगारून चेंडू धरून ठेवता येत नाही. वळलीस तर फेकायलाच हवा. आधी पाय मागे काढून प्लेट सोडली, तर मात्र खुशाल हुलकावणी द्यावी. यात चुकलं की 'बॉक', आणि रनरला पुढचा बेस फुकट. म्हणून सगळं मैदान चेंडू बघत असतं तेव्हा पंचानं पाय बघायचा.

सुचित्राबाई पिचरच्या मागे, तिसऱ्या बेसच्या अंगाला उभ्या होत्या. रनर सरकली. धनश्री वळली, हात वर गेला, धूळ उडाली, चेंडू हातातच राहिला.

"बॉक!"

रनर चालत होमला आली. कोपरगाव जिंकलं.

कर्जतचे प्रशिक्षक ज्ञानेश्वर सर धावत आले. "म्याडम, पाय आदी सुटला हुता! आमी काय आंधळे हाय का?"

सुचित्राबाईंनी होममागच्या पंचांना, आदिनाथला, बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, माझ्यासमोर बॅटर होती. मला पाय दिसला नाही. तुम्ही म्हणाल तेच." निर्णय कायम राहिला.

कर्जतच्या टेम्पोत सामान भरत असताना धनश्री त्यांच्याकडे आली. डोळे लाल होते, पण आवाज ताठ. "म्याडम, माजा पाय कुटं हुता, तेवडं सांगा."

"चल, करून दाखव."

मोकळ्या मैदानावर ती पुन्हा पुन्हा वळली. सुचित्राबाई वाकून बघत होत्या. "आता पाय आधी सुटला. हे चालेल... आता हात आधी गेला. हा बॉक... हेही चालेल."

धनश्री थांबली. "म्हंजे मला करताना कळतच न्हाई. मग त्या टायमाला?"

"हात आधी दिसला मला."

"खात्री हाय?"

"तेव्हा होती."

"आन् आता?"

टेम्पोचा हॉर्न वाजला आणि पोर निघून गेली.

त्यानंतर बाईंना चैन पडेना. शाळेत शिकवता शिकवता त्या मध्येच मुलांच्या पायांकडे बघत राहत. स्वयंपाकघरात फरशीच्या सांध्यावर पाऊल टेकवून गर्रकन वळत, पुन्हा वळत. कढईतली भाजी करपली.

"आता काय निर्णय फिरवणार आहेस?" रविकांत वैतागून म्हणाले.

"फिरवता येत नाही."

"मग सोड की!"

"तेही येत नाही."

नगरला जिल्हा संघाची निवड चाचणी ठरली तेव्हा पंच म्हणून याल का, असं विचारायला आदिनाथचा फोन आला. नाही म्हणावं असं त्यांच्या ओठावर आलं होतं. "येते," त्या म्हणाल्या आणि स्वतःवरच चिडल्या.

चाचणीत धनश्री होतीच. तिसऱ्या बेसवर रनर आली तशी सुचित्राबाई जरा पुढे वाकल्या. या खेपेला जरा संशय आला तरी पोरीच्या बाजूनं द्यायचं, असं मन आतून सांगत होतं, आणि असं आपल्याला वाटावं याचीच त्यांना भीती वाटली. धनश्रीनं मागे वळून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग ती तिसऱ्या बेसकडे फिरली. हात उगारला गेला, चेंडू हातातच राहिला. पाय प्लेटलाच चिकटलेला.

"बॉक!" विचार करायच्या आत तोंडातून शब्द गेला होता.

कुंपणाजवळून ज्ञानेश्वर सर ओरडले, "परत तेच! ह्या बाईनं आमच्या पोरीचा पिच्छाच धरलाय!"

धनश्रीनं मात्र हुज्जत घातली नाही. जागेवर परतताना ती सुचित्राबाईंच्या जवळून गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ह्यो खरा हुता, म्याडम. कोपरगावचा न्हवता."

तिची निवड झाली, पण ते संध्याकाळी कळलं. त्या क्षणी सुचित्राबाई एवढंच म्हणाल्या, "असेल, बाळा." मग पुढची बॅटर आली, आणि त्यांनी नजर पुन्हा धनश्रीच्या पायावर नेली.