मैदानाचा पंचनामा

देवगाव फाट्यापलीकडच्या एका लहान बाजारगावी रायभान गुरुजींना क्रीडाशिक्षक म्हणून ओळखणारे थोडे आणि अर्जदार म्हणून ओळखणारे पुष्कळ. तेरा वर्षांपूर्वी सरकारी पडीक जागेवर बोअरचे जुने पाईप उभे करून त्यांनी शाळेतल्या मुलींसाठी रग्बीचे खांब केले. काळी माती उन्हाने दगडासारखी होई, मुलींचे गुडघे फुटत. तरीही दोन मुली राज्याच्या संघात गेल्या. शाबासकीचे दोन शब्द मात्र कोणत्याही कार्यालयाकडून आले नाहीत.

पुढे दरवर्षी होळीनंतर आश्रुबा मेंढपाळ तिथे रात्रीच्या मुक्कामाला मेंढ्या बसवू लागला. लेंडीखताने हिरवळ धरली, पडणे सुसह्य झाले. गुरुजींना त्यातही डावच दिसला. आज मेंढ्या, उद्या कूड, परवा सातबारा! सहा वर्षांत त्यांनी तहसिलीत अकरा अर्ज दिले.

यंदा त्या जागेवर गोदामाचा प्रस्ताव आला. पंचनाम्याला आलेल्या तलाठी रोहिणीताईंच्या हाती ते अकराही अर्ज होते.

"सर, इथे मेंढ्यांचाच वावर असतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग मैदान कुठलं?"

 खेळाची नोंद गुरुजींनी कुठेच केली नव्हती, नोंद होती ती तक्रारींची. आता कोणी तिऱ्हाईत पंच हवा होता, आणि बांधावर उभा होता फक्त आश्रुबा.

"आश्रुबा, इथं पोरी खेळतात की नाही, सांग."

"अकरा येळा चोर म्हणलाव मास्तर, अन् आज साक्ष मागायलाव व्हय?" आश्रुबा हसला. "लिवा बाई. शाळा लागल्यापून होळीपतोर पोरी रोज खेळतेत. होळीनंतर आमच्या मेंढ्या बसतेत. माझा बाप बी हितंच बसवायचा. दोन्ही लिवा, न्हाई तर काहीच लिवू नका."

त्याच्या बापाला गुरुजींनी तिथे कधीच पाहिले नव्हते. रोहिणीताईंनी मात्र दोन्ही लिहिले आणि आश्रुबाचा अंगठा घेतला. गुरुजींनी कागद दोनदा वाचला. 'वडिलोपार्जित वहिवाट' या शब्दांवर नजर अडली. सही केली तर मेंढ्या कायमच्या, न केली तर गोदाम.

"काय बघायलाव मास्तर? लय बारीक अक्षर हाय का?"

गुरुजींनी पेन उघडले आणि सही केली, आश्रुबाच्या अंगठ्याखाली.