प्रणिता, डग आणि तिरकी दुर्बीण

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या नेमबाजी क्लबात हरणावर कधीच बंदूक न रोखलेली प्रणिता एकटीच. नागपुरात लहानपणीच पंचशील अंगात मुरलेलं. जीव घ्यायचा नाही म्हणजे नाही. ती मारायची फक्त कागदावर, तेही खूप लांबच्या. आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. जवळच्या कागदावर गोळी मधोमध, लांबच्यावर हटकून उजवीकडे.

"यू आर जर्किंग द ट्रिगर," क्लबातला जुना शिकारी डग म्हणाला, म्हणजे चाप ओढताना ती हिसका देते. रविवारी पुन्हा असं झालं तर क्लबाच्या टीममधून तिचं नाव जाणार होतं. प्रणिताला मात्र खात्री होती, की रायफलवरची दुर्बीणच तिरकी आहे. ती बसवली होती डगनंच. पन्नास पावलांवरच्या हरणाला तेवढं चालून जातं.

शनिवारी तिनं रायफल रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं, बेसमेंटमधल्या टेबलावर शिकंज्यात धरली आणि पाणसळ ठेवून सपाट केली. समोरच्या भिंतीवर दोरीला जड नट बांधून ओळंबा सोडला. दुर्बिणीतली उभी रेघ दोरीवर आणली, स्क्रू आवळले. रेघ कलली. पुन्हा सैल, पुन्हा आवळ, पुन्हा तिरकी! प्रणिताला रडूच आलं.

"अगं, दे ना त्या डगला," पाहुणी आलेली आई, रमाबाई, जिन्यावरून म्हणाली. "भाजी थंड झाली."

"होऊ दे. माझी दुर्बीण मीच बसवणार, आई."

आणि मग तिनं कपाळावर हात मारला. चाकाचे नट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळा, म्हणून मोटारींच्या कारखान्यात, कामावर, ती रोज नव्या लोकांच्या कानीकपाळी ओरडायची. घरी मात्र एकच बाजू करकचून! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. या वेळी तिनं इकडून थोडं, तिकडून थोडं असं दमानं आवळलं. रेघ दोरीवरून हलली नाही.

रविवारी लांबच्या कागदावर तिच्या पाचही गोळ्या मधोमध लागल्या. नाव टीममध्ये राहिलं. तरी डग स्क्रूड्रायव्हर घेऊन आलाच. "नाइस! लेट मी जस्ट टाइटन इट फॉर यू."

प्रणितानं रायफल जवळ ओढली.

"हात लावायचा नाही," ती चक्क मराठीत म्हणाली.

डगला ते बरोबर कळलं.