‘जेवूनच जा’ म्हणजे नेमकं काय?

मंडळी, ‘जेवूनच जा’ याचा अर्थ ‘आता उठलात तरी चालेल’ असा मी आजवर सांगत आलो. संस्कृत शिकल्याची खोड आहे, भाष्य केल्याशिवाय राहवत नाही.

आज दुपारी निलंग्याचे लांबचे पाहुणे बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन लातूरला आमच्याकडे लग्नपत्रिका द्यायला आले. आमची ही सवयीनं म्हणाली, "जेवूनच जायचं."

"अजून दहा घरं राहिलीत वहिनी," म्हणत पाहुणे उठले. म्हातारी मात्र हलली नाही. "हाव, मी जेवते माय. सकाळधरनं समदेच म्हणायलेत, ताट कुणीच मांडलं न्हाई."

भाकरी दोघांपुरत्याच होत्या. मी हिच्याकडं मिस्कीलपणे पाहिलं. ही पीठ मळायला बसली. अर्ध्या तासात पिठलं, ठेचा आणि गरम भाकरी! मग पाहुणेही बसले, मीही बसलो. म्हातारीनं मागून घेतलं, जाताना हिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. काहीही न करता माझीच छाती फुगली.

पाहुणे गेल्यावर म्हणालो, "आता तू बस."

"मला भूकच नाही."

भाकरीचं टोपलं उघडलं, रिकामं. पिठाचा डबाही रिकामा. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली, ‘मला भूक नाही’चा अर्थ आज कळला. बायकोचा अभिमान वाटला, स्वतःच्या भाष्यांचा तेवढा नाही.

सध्या गिरणीत ज्वारी दळून घेतोय. तुमच्या घरी ‘मला भूक नाही’ कोण म्हणतं? टोपलं कधी उघडून पाहिलंय?